प्रौढांसाठीचे अॅनिमे शैलीतील डेटिंग सिम्युलेशन गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १८ वर्षे पूर्ण झालेल्या वाचकांसाठी आहे. अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) शैलीतील प्रौढ डेटिंग सिम्युलेशन गेम, ज्यांना खेळाडू सुटसुटीतपणे ‘डेटिंग सिम’ म्हणतात, त्यांच्याबद्दल नव्या खेळाडूंना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रौढ दृश्यांची वर्णने या पानावर नाहीत. गेम चालतो कसा, घ्यावा कोठून, पैसे कोठे वाया जातात आणि सावध कोठे राहावे, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

डेटिंग सिम म्हणजे नेमके काय? व्हिज्युअल नॉव्हेल वेगळी असते का?

दोन्हींचा पडदा सारखाच दिसतो: मागे पार्श्वभूमीचे चित्र, समोर बोलणारे पात्र आणि खाली संवादाची चौकट. फरक खेळाडूच्या वाट्याला येणाऱ्या कामात आहे. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये मुख्यतः वाचायचे असते. मधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात आणि त्यांवरून कथेला फाटे फुटतात. डेटिंग सिममध्ये त्याखेरीज हिशेब असतो. दिवस मोजके असतात, खिशातले पैसे मोजके असतात, एका दिवसात करता येणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात आणि ते सारे कोणावर खर्च करायचे हे खेळाडूने ठरवायचे असते. म्हणूनच, वरवर प्रेमकथा वाटणारा हा प्रकार मुळात वेळेच्या वाटपाचा खेळ आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचू लागतात.

व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे. दुकाने दोन्ही प्रकारांना एकच लेबल लावतात. खरेदीपूर्वी पडद्यावरची चित्रे पाहावीत: वेळापत्रक, नकाशा किंवा गुणांचे तक्ते दिसले तर तो सिम आहे, आणि केवळ संवाद दिसले तर वाचनाची तयारी ठेवावी.

हा प्रकार कोठून आला?

जपानमधून, आणि घरगुती संगणकांच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून. कोएई या कंपनीने १९८२ साली ‘नाइट लाइफ’ हा प्रौढांसाठीचा गेम काढला. हीच कंपनी पुढे ऐतिहासिक युद्धांच्या गंभीर गेमसाठी नावाजली गेली, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. डेटिंग सिमचा साचा मात्र खऱ्या अर्थाने रूढ केला तो कोनामी या कंपनीच्या १९९४ सालच्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ने, आणि त्यात प्रौढ दृश्य एकही नव्हते. शाळेची तीन वर्षे, आठवड्याचे वेळापत्रक, अभ्यास, व्यायाम, दिसणे यांचे गुण आणि शेवटी पदवीदानाच्या दिवशीची प्रेमाची कबुली असा तो साचा होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लीफ आणि की यांसारख्या कंपन्यांनी हिशेब कमी करून कथेला प्राधान्य दिले आणि व्हिज्युअल नॉव्हेलची लाट आली. आजच्या प्रौढ गेममध्ये या दोन्ही परंपरांचे मिश्रण आढळते.

हे गेम केवळ पुरुषांसाठी असतात का?

नाही. कोएईच्याच रुबी पार्टी या गटाने १९९४ साली ‘अँजेलिक’ काढला आणि त्यातून स्त्री नायिका व पुरुष पात्रे असलेल्या ओतोमे गेमची परंपरा सुरू झाली. समलिंगी नात्यांवरचे गेमही भरपूर आहेत.

‘प्रौढांसाठी’ म्हणजे गेमभर तीच दृश्ये असतात का?

गेमगणिक प्रमाण फार बदलते. काही गेम त्या दृश्यांसाठीच असतात आणि तासाभरात संपतात. पण अनेक लांब गेममध्ये ही दृश्ये एखाद्या पात्राच्या कथेच्या शेवटाकडे येतात आणि एकूण मजकुराचा लहान हिस्सा व्यापतात. टाइप-मून या कंपनीचा २००४ सालचा ‘फेट स्टे नाइट’ हे याचे ठळक उदाहरण आहे. मूळ संगणक आवृत्ती प्रौढांसाठी होती, पण २००७ साली प्लेस्टेशन २ या गेमयंत्रासाठी ती दृश्ये काढून आणि पात्रांना आवाज देऊन नवी आवृत्ती आली, तेव्हा कथा कोठेही लंगडी पडली नाही. एखाद्या गेममधून प्रौढ दृश्ये वगळल्यावर काय उरते हा प्रश्न खरेदीपूर्वी स्वतःला विचारावा, कारण बहुतेक वेळ खेळाडू त्या उरलेल्या भागातच घालवणार असतो.

जपानी गेममधील दृश्यांवर मोझेक, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचे धूसर आवरण, का असते? तो माझ्या संगणकाचा दोष आहे का?

संगणकाचा काही संबंध नाही. जपानच्या दंडसंहितेच्या १७५व्या कलमानुसार अश्लील साहित्याच्या वितरणावर बंदी आहे आणि जननेंद्रिये झाकण्याची प्रथा त्यातूनच आली आहे. १९९१ साली एका प्रौढ गेमवरून मोठा वाद झाल्यानंतर १९९२ साली संगणक सॉफ्टवेअरच्या आचारसंहितेसाठी एक स्वनियमन संस्था उभी राहिली आणि पाकिटावर प्रौढांसाठीचे चिन्ह छापले जाऊ लागले. जपानबाहेरच्या प्रकाशकांनी काढलेल्या आवृत्तीत काही वेळा मूळ चित्रे मोझेकशिवाय मिळतात. पण मूळ निर्मात्याने तशी चित्रे दिली असली तरच, अन्यथा नाही.

गेमची यंत्रणा कशी चालते? मी चांगली उत्तरे देतो, तरी पात्र जवळ येत नाही.

बहुतेक गेममध्ये प्रत्येक पात्रामागे ‘अफेक्शन’ नावाचा एक आकडा असतो. तो कधी हृदयांच्या रांगेत दिसतो, कधी पूर्ण लपवलेला असतो. संवादातील उत्तर, दिलेली भेटवस्तू, भेटीचे ठिकाण यांवरून तो वरखाली होतो. याशिवाय ‘फ्लॅग’ असतात: एखादा विशिष्ट प्रसंग घडला की नाही याची गेमने मनाशी केलेली नोंद. आकडा पुरेसा असूनही फ्लॅग लागला नसेल तर पुढचा प्रसंग उघडत नाही, आणि नव्या खेळाडूंची अडचण बहुतांश वेळा येथेच असते. ते रोज त्याच पात्राला तीच भेटवस्तू देत राहतात, आकडा केव्हाच भरलेला असतो, आणि हवा असलेला प्रसंग मात्र पावसाळी संध्याकाळी ग्रंथालयात वाट पाहत असतो. अशा वेळी ठिकाण बदलावे, दिवसाची वेळ बदलावी आणि पात्र संवादात ज्या जागेचा सहज उल्लेख करते ती जागा एकदा तरी धुंडाळावी.

तिसरा घटक म्हणजे खेळाडूच्या नायकाचे स्वतःचे गुण. आकर्षकता, बुद्धी, शरीरबळ, काही गेममध्ये मनावरचा ताण. एखादे पात्र अभ्यासू असेल तर बुद्धीचा आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेल्याशिवाय ते साधे बोलणेही वाढवत नाही. सुरुवातीचा तृतीयांश काळ गुण वाढवण्यात घालवावा आणि प्रेमाच्या मागे नंतर लागावे, असा आमचा सर्वसाधारण सल्ला आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. २०१५ सालच्या ‘हनीपॉप’ या प्रौढ गेममध्ये डेट म्हणजे एक रंगीत सोंगट्यांचे कोडे असते. तीन किंवा अधिक सारख्या सोंगट्या जुळवायच्या. निळी प्रतिभेची, हिरवी लाडिक चेष्टेची, नारिंगी प्रणयाची, लाल शृंगाराची. प्रत्येक पात्राला यांपैकी एक सोंगटी सर्वांत प्रिय आणि एक सर्वांत नावडती असते, त्यामुळे एकाच पटावर एका पात्रासाठी उत्तम असलेली चाल दुसऱ्यासाठी जवळजवळ वाया जाते. गुलाबी हृदये जुळवली की गुणक वाढतो, सोनेरी घंटा जुळवल्या की चाली वाढतात. जांभळी तुटलेली हृदये मात्र चुकूनही जुळवू नयेत, कारण तोवर मिळवलेले गुण त्यांनी झरझर उतरतात. नवखा खेळाडू फक्त लाल सोंगट्यांच्या मागे धावतो आणि हरतो. सुरुवातीच्या चाली गुणक वाढवण्यावर खर्च करणारा सहज जिंकतो. दिवसा पात्राने स्वतःबद्दल सांगितलेली माहितीही नंतर प्रश्नांच्या रूपाने परत येते, तेव्हा संवाद न वाचता पुढे ढकलणाऱ्याची तेथे फजिती होते.

सगळ्या पात्रांशी एकाच वेळी जवळीक साधता येते का?

गेमवर अवलंबून आहे, आणि गेमच्या स्वभावाची ओळख या प्रश्नातून सर्वांत लवकर पटते. काही प्रौढ गेम यासाठीच बांधलेले असतात आणि त्यांत कोणीही रागावत नाही. काहींत मात्र दुर्लक्षाची किंमत मोजावी लागते. ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये एखाद्या मुलीकडे फार काळ लक्ष दिले नाही तर तिच्या नावाशेजारी बॉम्बचे चिन्ह येते, ते वेळीच निकामी केले नाही तर ती इतरांकडे गाऱ्हाणे मांडते आणि सगळ्यांच्याच मनातील नायकाची किंमत घसरते. त्यातली खरी खोच अशी की नायकाचे गुण जसजसे वाढतात तसतशी नवी पात्रे त्याच्या आयुष्यात येतात, म्हणजे यशाबरोबर बॉम्बही वाढतात. एकीवर जीव जडलेला असतानाही रविवार दुसरीला द्यावा लागतो, तोही केवळ स्फोट टाळण्यासाठी. तीस वर्षांनंतरही या यंत्रणेइतकी नेमकी दुसरी यंत्रणा या प्रकारात क्वचितच सापडते, असे आमचे मत आहे.

पहिल्या खेळीत एकच पात्र निवडावे. बाकीचे रूट, म्हणजे इतर पात्रांच्या कथेच्या वाटा, पुढच्या खेळींसाठी ठेवावेत.

वॉकथ्रू (कोणता पर्याय केव्हा निवडावा हे सांगणारी मार्गदर्शिका) पाहून खेळावे का?

पहिली खेळी तरी स्वतःच्या बुद्धीने खेळावी. वॉकथ्रूमधील उत्तरे ओळीने निवडत गेल्यास गेमचा खेळ संपतो आणि केवळ क्लिक उरतात. दुसऱ्या खेळीनंतर एखादे शेवटचे चित्र किंवा एखादा शेवट हाती लागत नसेल, तर मात्र वॉकथ्रू पाहण्यात काहीच गैर नाही, कारण काही गेममध्ये खऱ्या शेवटाची अट इतकी आडवळणाची असते की ती कोणालाही तर्काने सापडणार नाही.

सेव्ह कसे करावे?

भरपूर आणि वेगवेगळ्या जागी. प्रत्येक पर्यायापूर्वी नवा सेव्ह करावा आणि एकाच सेव्हवर पुनःपुन्हा लिहू नये. वेळापत्रकाच्या गेममध्ये चूक महिनाभरापूर्वी झालेली असते आणि लक्षात आज येते. म्हणून गेममधील प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीचा एक सेव्ह हात न लावता जपून ठेवावा.

स्वतंत्र निर्मात्यांचे अनेक गेम २००४ पासून उपलब्ध असलेल्या रेन-पाय या मोफत इंजिनावर (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) बनतात आणि त्यांची बटणे सहसा सारखी असतात. माउसचे चाक मागे फिरवले की मागचे संवाद परत येतात, आणि निर्मात्याने रोखले नसेल तर दिलेला पर्यायही बदलता येतो. कंट्रोल दाबून धरले की मजकूर भराभर पुढे जातो. हे फक्त वाचलेल्या मजकुरापुरते ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते आणि ती चालूच ठेवावी. एच दाबले की संवादाची चौकट लपते आणि पूर्ण चित्र दिसते. व्ही दाबले की मजकूर मोठ्याने वाचला जातो, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी असताना बोट घसरू देऊ नये.

अपूर्ण अवस्थेत विकल्या जाणाऱ्या गेममध्ये नवी आवृत्ती आल्यावर जुने सेव्ह निकामी होऊ शकतात. निर्माता तसे सूचनेत लिहितो, पण ती सूचना वाचतो कोण!

वाईट शेवट आला. मी हरलो का?

या प्रकारात वाईट शेवट हादेखील मजकुराचा भाग असतो. पुष्कळ गेममध्ये गॅलरी (पाहिलेल्या चित्रांचा संग्रह) पूर्ण भरण्यासाठी तो पाहावाच लागतो, आणि काहींत तो पाहिल्याशिवाय खरा शेवट उघडत नाही.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून गेम घेतला, पण प्रौढ दृश्ये दिसत नाहीत. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. स्टीमने सप्टेंबर २०१८ मध्ये केवळ प्रौढांसाठीच्या गेमना स्वतंत्र वर्गात जागा दिली. त्यापूर्वीचे अनेक गेम तेथे कापलेल्या रूपात येत आणि उरलेला भाग प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पॅचच्या (गेममध्ये भर घालणाऱ्या वेगळ्या फाइलच्या) रूपाने मिळे. ही पद्धत अजूनही पुरती गेलेली नाही. गेमच्या पानावर तळाशी ‘प्रौढ मजकुराचे वर्णन’ हा भाग असतो, तो वाचावा. मग प्रकाशकाच्या अधिकृत पानावर पॅच आहे का ते पाहावे. कोणी अनोळखी व्यक्ती पॅच म्हणून फाइल देत असेल तर ती घेऊ नये.

गेम दुकानात दिसतच नसेल तर खात्याच्या पसंतीमध्ये प्रौढ मजकूर दाखवण्याचा पर्याय बंद असतो, किंवा त्या देशात तो वर्ग उपलब्ध नसतो. उदाहरणार्थ, जर्मनीत वयाच्या पडताळणीच्या नियमांमुळे २०२० पासून स्टीमवर हे गेम दिसत नाहीत. कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या गेमयंत्रावर) तर पूर्ण प्रौढ आवृत्तीची अपेक्षाच ठेवू नये. जपानमध्ये कन्सोल गेमना वयोगट देणारी सेरो ही संस्था १८ वर्षांवरील ‘झेड’ वर्ग देते खरी, पण उघड लैंगिक दृश्ये त्याही वर्गात बसत नाहीत.

गेम निराश करणारा निघाला तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. लहान गेम तेवढ्या वेळात संपतोही, हे निर्मात्याच्या बाजूने अन्यायाचे आहे, आणि आवडलेला गेम संपवून परत करू नये एवढे तरी खेळाडूने पाळावे.

इच्छा-यादीत ठेवलेला गेम अचानक गायब झाला. असे का होते?

प्रौढ गेमचे अस्तित्व दुकानापेक्षाही पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांवर जास्त अवलंबून आहे. जुलै २०२५ मध्ये स्टीमने कार्ड व देयक कंपन्यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही असा नियम जोडला आणि काही गेम काढून टाकले. त्याच महिन्यात इच डॉट आयओ या स्वतंत्र निर्मात्यांच्या गेम-दुकानाने सर्व प्रौढ गेम शोधयादीतून तात्पुरते बाहेर काढले. त्यात सरसकट बरेच निरुपद्रवी गेमही अडकले. विकत घेतलेला गेम सहसा खात्यात राहतो, पण ज्या दुकानातून कुलूप (नक्कल रोखणारी यंत्रणा) नसलेली स्थापना-फाइल उतरवून घेता येते तेथून घेतल्यास ती स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

जुना जपानी गेम सुरू होत नाही, किंवा अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात.

जुने गेम शिफ्ट-जेआयएस या जपानी अक्षरपद्धतीत लिहिलेले असतात. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठीची भाषा जपानी करून संगणक पुन्हा सुरू करावा, किंवा एकाच प्रोग्रामपुरती ती बदलणारे लोकेल एम्युलेटर वापरावे. गेमच्या फोल्डरचे नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवावे. देवनागरी नाव दिल्यास काही गेम काहीही न सांगता बंद पडतात.

फुकट मिळणारी एपीके (अँड्रॉइड फोनवरील अॅपची फाइल) किंवा क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत वापरली तर काय बिघडते?

प्रौढ गेमच्या नावाने फिरणाऱ्या फाइली हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवण्याचे जुने साधन आहे, आणि ते चालण्याचे कारण तांत्रिक नसून सामाजिक आहे: फसलेला माणूस लाजेपोटी कोणाकडे तक्रार करत नाही. डेटिंग सिमला संपर्क-यादी, संदेश किंवा कॅमेरा यांची परवानगी कधीही लागत नाही. तशी मागणी झाली तर फाइल तेथेच काढून टाकावी. शिवाय या क्षेत्रात एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून केलेले गेम फार असतात आणि चोरीच्या प्रतीचा फटका थेट त्यांना बसतो. अधिकृतपणे मोफत असलेले गेम आणि डेमो निर्मात्यांच्या पानांवर पुष्कळ आहेत.

फोनवरच्या डेटिंग गेममध्ये पैसे घालावेत का?

येथे आमचे मत थोडे कडक आहे. एकदाच किंमत देऊन घेतलेल्या गेममध्ये वेळेची टंचाई हा डावाचा भाग असतो. फोनवरच्या गाचा (सोडत काढून पात्रे मिळवण्याच्या) गेममध्ये तीच टंचाई दुकान बनते: ऊर्जा संपली, विकत घ्या, पात्राचे नवे कार्ड हवे, सोडत काढा, प्रसंग आज रात्री संपतोय, घाई करा. सोडतीत हवे ते कार्ड मिळण्याची शक्यता सहसा फार कमी असते आणि ती आकडेवारी गेममध्येच कोठेतरी बारीक अक्षरांत दिलेली असते. आधी ती वाचावी, महिन्याची मर्यादा ठरवावी आणि कार्डाची माहिती फोनमध्ये साठवून ठेवू नये.

दुसरी बाब म्हणजे सर्व्हर बंद झाला की गेम संपतो. २००९ साली निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेमयंत्रावर आलेला कोनामीचा ‘लव्ह प्लस’ हा सर्वसाधारण वाचकवर्गाचा गेम खऱ्या घड्याळाप्रमाणे चालत असे आणि त्याची कार्ट्रिज आजही चालते. त्याचीच फोनवरची ‘लव्ह प्लस एव्हरी’ ही आवृत्ती मात्र २०२० साली, सुरू होऊन वर्ष भरण्याच्या आत बंद झाली आणि त्यात घातलेला पैसा व वेळ तिच्याबरोबर गेला.

वयाची अट किती गंभीरपणे घ्यावी?

पूर्ण गंभीरपणे. खेळाडूचे वय १८ किंवा त्याच्या देशातील कायद्याने सांगितलेले त्याहून अधिक असले पाहिजे.

पात्रांच्या वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. अॅनिमे शैलीत मोठे डोळे आणि गुळगुळीत चेहरे यांमुळे सगळेच तरुण दिसतात, पण लैंगिक दृश्यातील पात्र प्रौढ असणे ही अट ऐच्छिक नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने मुलांची लैंगिक चित्रे, ती हाताने काढलेली असली तरी, बाळगणे गुन्हा ठरवले आहे, आणि इतर अनेक देशांतही तसे कायदे आहेत. ‘सर्व पात्रे १८ वर्षांची आहेत’ ही सुरुवातीची ओळ पुरेशी नसते; पात्राचे शरीर, वागणे आणि कथेतील स्थान मुलाचे असेल तर त्या ओळीने काहीही बदलत नाही. असा गेम घेऊ नये आणि दुकानात दिसल्यास कळवावा. नोकरी करणाऱ्या, महाविद्यालय संपवलेल्या, स्वतःचे घर चालवणाऱ्या पात्रांचे गेम आता विपुल आहेत, आणि कथेच्या दृष्टीनेही ते अधिक रंगतात असे आमचे निरीक्षण आहे.

घरातील संगणक सामाईक आहे. गोपनीयता कशी राखावी?

संगणकावर स्वतंत्र वापरकर्ता-खाते करावे आणि त्याला पासवर्ड ठेवावा. घरात लहान मुले असतील तर हे पर्यायी नाही. स्टीमवर एखादा गेम खासगी म्हणून नोंदवता येतो, म्हणजे तो मित्रांना दिसत नाही. डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या सेवा सध्या कोणता गेम चालू आहे हे नावासकट जाहीर करतात, ती सोय बंद करावी. स्क्रीनशॉट आपोआप क्लाउडवर जात असतील तर तेही तपासावे, कारण कुटुंबाच्या सामाईक फोटोंमध्ये ते नेमके नको त्या वेळी उगवतात.

जोडीदाराला सांगावे का?

लपवल्याने गेम आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागतो. खेळ म्हणून सांगितले, हवे तर एखादा साधा प्रसंग दाखवला, तर बहुतेकदा विषय तेथेच मिटतो. जोडीदाराला खरोखरच खटकत असेल तर मात्र ‘ती तर नुसती चित्रे आहेत’ या वाक्याने वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. आक्षेप चित्रांपेक्षा त्यांना दिलेल्या वेळेबद्दल असण्याची शक्यता अधिक असते.

या गेममधून खऱ्या नात्यांसाठी काही शिकता येते का?

फार थोडे. समोरच्याने सांगितलेले लक्षात ठेवावे आणि आपला वेळ मर्यादित आहे हे ओळखावे, एवढे घेण्यासारखे आहे. बाकी गेममधील पात्राचा होकार हा आकड्याचा परिणाम असतो: इतकी फुले, इतक्या भेटी, मग कुलूप उघडते. खऱ्या माणसाचा होकार असा जमा करता येत नाही, तो केव्हाही बदलू शकतो, आणि भेटवस्तूंनी त्यावर हक्क निर्माण होत नाही. गेममध्ये नकार मिळाल्यावर मागचा सेव्ह उघडून दुसरे उत्तर देण्याची जी सवय लागते, ती बाहेर नेल्यास समोरच्याला तो पिच्छा पुरवणे वाटेल, आणि ते वाटणे बरोबर असेल.

मी फार खेळतो असे वाटते. हे व्यसन आहे का?

तास मोजून ते ठरत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात गेमिंग विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा नसणे, इतर कामांपेक्षा त्याला वाढते प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे या त्याच्या खुणा आहेत. आणि हे वर्तन कामावर, नात्यांवर वा तब्येतीवर ठळक परिणाम करत सहसा किमान १२ महिने टिकलेले असावे लागते. दोन रात्री जागून एक रूट संपवणे यात बसत नाही. झोप, काम आणि माणसे सातत्याने मागे पडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे, आणि गेमचा प्रकार सांगताना संकोच करू नये. त्यांनी याहून कितीतरी अवघड गोष्टी ऐकलेल्या असतात.

पहिला गेम कसा निवडावा?

लहान, पूर्ण झालेला आणि एकरकमी किमतीचा निवडावा. डेमो असेल तर तो आधी खेळावा आणि त्यातले लेखन वाचनीय आहे का ते पाहावे. यंत्राने केलेले भाषांतर पहिल्या दहा मिनिटांतच ओळखू येते. लेबलांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०१७ सालचा मोफत ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ दिसायला गोड डेटिंग सिम आहे, प्रौढ दृश्ये त्यात नाहीत, पण तो मानसिक भयकथेचा गेम आहे आणि त्यात आत्महत्येसारखे विषय येतात. सुरुवातीला दिलेला इशारा तेथे शोभेसाठी नाही.

हे गेम थेट प्रक्षेपणात खेळून दाखवता येतील का?

ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेवर केवळ प्रौढांसाठीच्या वर्गातील गेमना मनाई आहे, आणि वर उल्लेखलेला ‘हनीपॉप’ त्यांच्या मनाई-यादीत नावानिशी आहे. इतर ठिकाणी त्या त्या सेवेचे नियम आणि निर्मात्याची अट दोन्ही पाहावी. काही निर्माते कथेच्या ठरावीक टप्प्यापर्यंतच प्रक्षेपणाची परवानगी देतात आणि ती मर्यादा गेमच्या पानावर लिहिलेली असते.